राज्य महिला आयोगाच्या सदस्यांना प्रत्यक्षात काय काम असते?

तुमचा प्रश्न असा आहे : तुमच्या मावशी शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, गावोगावच्या बचतगटांमध्ये त्यांनी बरीच वर्षे काम केले आणि आता राज्य महिला आयोगावर सदस्य म्हणून त्यांचे नाव पुढे आले आहे. ही मानाची खुर्ची आहे की खरे काम आहे, सदस्यांना अधिकार किती असतात आणि त्यांनी हे पद घ्यावे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः आयोगावर कधी नव्हते. मात्र एका जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक सल्ला केंद्रात समुपदेशक म्हणून मी एकवीस वर्षे काम केले, आमच्याकडे आलेल्या कित्येक स्त्रियांबरोबर मी आयोगाच्या जनसुनावण्यांना, म्हणजे स्त्रियांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्यासाठी आयोग घेतो त्या बैठकांना, बसले आहे आणि आयोगाशी झालेला पत्रव्यवहार वर्षानुवर्षे हाताळला आहे. त्या अनुभवावरून सांगते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात आयोग १९९३ च्या स्वतंत्र अधिनियमाने स्थापन झाला. राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदा १९९० चा असून तो आयोग प्रत्यक्षात जानेवारी १९९२ मध्ये अस्तित्वात आला. म्हणजे आपले राज्य फार मागे राहिले नव्हते, आणि त्यानंतर वर्षभरातच, १९९४ मध्ये, राज्याचे पहिले महिला धोरणही आले. या सगळ्याचे मूळ आणखी वीस वर्षे मागे आहे. फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील आणि वीणा मजुमदार सदस्य सचिव असलेल्या राष्ट्रीय समितीने १९७४ मध्ये भारतातील स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल दिला, आणि स्त्रियांसाठी केंद्रात व राज्यांत कायमस्वरूपी आयोग असावेत ही शिफारस त्यात होती. मावशींनी तो अहवाल वाचलेला नसेल तर तो मिळवून जरूर वाचावा. नेमणुकीच्या आदेशापेक्षा आपण तिथे कशासाठी बसलो आहोत हे त्यातून अधिक स्पष्ट कळते.

महाराष्ट्राच्या आयोगात अध्यक्ष, सहा अशासकीय सदस्य आणि सदस्य सचिव असतात, आणि राज्याचे पोलीस महासंचालक पदसिद्ध सदस्य असतात. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण स्त्रियांच्या तक्रारींपैकी मोठा भाग शेवटी पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो, आणि पोलीस दलाचा प्रमुख ज्या संस्थेचा सदस्य आहे तिने विचारलेल्या प्रश्नाला वजन असायला हवे. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. सदस्य कोणाला नेमावे याविषयी राष्ट्रीय कायद्याची भाषा चांगली आहे : कायदा, कामगार चळवळ, स्त्रियांच्या स्वयंसेवी संस्था, प्रशासन, आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण अशा क्षेत्रांतील अनुभव, योग्यता आणि सचोटी असलेल्या व्यक्ती, आणि त्यांत अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींतील किमान प्रत्येकी एक सदस्य. सलग तीन बैठकांना रजेशिवाय गैरहजर राहणाऱ्या सदस्याला काढता येते, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. नेमणूक अर्थातच शासन करते आणि तिच्यावर राजकारणाची छाया असते, हे लपवण्यासारखे नाही. तरीही पक्षाकडून आलेल्या, पण काम मनापासून करणाऱ्या सदस्य मी पाहिल्या आहेत, म्हणून केवळ नाव कोणत्या बाजूने पुढे आले एवढ्यावरून मावशींनी नकार देऊ नये असे माझे मत आहे.

आता अधिकारांविषयी. इथे लोकांचा दोन्ही बाजूंनी गैरसमज असतो. कोणाला वाटते की आयोग म्हणजे न्यायालय आहे, तो नवऱ्याला बोलावून पोटगी ठरवून देईल. तर कोणाला वाटते की आयोग नुसती पत्रे लिहितो. वस्तुस्थिती अशी आहे की चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. आयोग समन्स काढून व्यक्तीला हजर राहायला सांगू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, शपथपत्रावर पुरावा घेऊ शकतो, शासकीय कार्यालयातील अभिलेख पाहायला मागू शकतो. परंतु दोन पक्षांमधील हक्काचा निवाडा आयोग करू शकत नाही. ओडिशाच्या राज्य महिला आयोगापुढे सुरू झालेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा २०१० मध्ये न्यायालयाने नेमके हेच सांगितले की पक्षकारांचे हक्क ठरवण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेला नाही. विचारण्याचा अधिकार आहे आणि शिफारस करण्याचा अधिकार आहे, पण आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा नाही. मावशींना ही मर्यादा पहिल्या दिवसापासून ठाऊक असावी, कारण जी सदस्य सुनावणीत ‘मी तुला न्याय मिळवून देते’ असे म्हणून बसते, तिच्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून समोरची बाई न्यायालयात जाण्याची मुदत आणि उमेद दोन्ही गमावू शकते. हे मी पाहिले आहे आणि त्या बाईला नंतर समजावून सांगणे मला फार जड गेले आहे.

मग एवढ्या मर्यादित अधिकारांत सदस्य काय करू शकते? याचे उत्तर मला एका जनसुनावणीत मिळाले. आमच्या केंद्रात येणारी एक तरुण स्त्री तिथे आली होती. लग्नाला तीन वर्षे झालेली, सासरहून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलेली, माहेरी भावाच्या संसारात अडचण होऊन राहिलेली. मंडपात वेगवेगळी पॅनेल बसली होती आणि प्रत्येक पॅनेलवर वकील, पोलीस अधिकारी, संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली स्त्रियांना मदत करण्यासाठी नेमलेला अधिकारी) व समुपदेशक होते. तिच्या टेबलाशी बराच वेळ एकच चर्चा चालली होती, ती म्हणजे तिला नांदायला पाठवता येईल का आणि सासरचे कोणत्या अटींवर तयार होतील. आयोगाच्या सदस्य तिथे येऊन थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी तिला विचारले, ‘तुला आज काय हवंय?’ ती म्हणाली, ‘माझी प्रमाणपत्रं.’ दहावी, बारावी आणि डी. एड.ची प्रमाणपत्रे सासरी अडकवून ठेवलेली होती, आणि ती नसल्यामुळे एका खासगी शाळेतील नोकरी तिच्या हातून जात होती. आम्ही चार-पाच भेटींत तिच्याशी बोललो होतो, पण दागिने, मारहाण, पोटगी या क्रमाने अर्ज भरून घेण्याच्या आमच्या सवयीत हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

पुढे जे झाले त्यात कोणताही मोठा अधिकार वापरावा लागला नाही. त्या सदस्य बाईंनी टेबलावरच्या पोलीस अधिकाऱ्यांना आणि संरक्षण अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे सांगितले की मुलीला सोबत घेऊन कागद आणायला जा. समोरच्या पक्षालाही त्यांनी शांतपणे समजावले की शिक्षणाची प्रमाणपत्रे ही तिची आहेत, त्यांच्यावर संसाराचा हिशेब चालत नाही. मग त्यांनी आपल्या वहीत तिचे नाव, गाव आणि आठ दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवली. आठव्या दिवशी त्यांचा आमच्या केंद्रात फोन आला. कागद आले का, मूळ प्रती आहेत की झेरॉक्स, हे त्यांनी विचारले. मूळ प्रती आलेल्या होत्या. मग त्यांनी आम्हाला सांगितले की गेल्या तीन वर्षांच्या नोंदवह्या काढा आणि अशी किती प्रकरणे आहेत ते पाहा. आधार कार्ड, रेशन कार्डावरचे नाव, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले, यांपैकी काय काय अडवले गेले ते वेगवेगळे लिहा. आमच्या दोन कार्यकर्त्या त्यासाठी आठवडाभर बसल्या. त्या यादीनंतर आमच्या पहिल्या भेटीच्या अर्जात ‘कोणती कागदपत्रे सासरी राहिली आहेत?’ असा रकाना आला, तो आजही आहे.

सदस्याचे काम हे असे असते, आणि म्हणूनच मी ते मानाच्या खुर्चीत मोजत नाही. एका बाईचे ऐकायचे, तिच्या बाबतीत पाठपुरावा करायचा, आणि मग तिच्यासारख्या इतर किती आहेत हे शोधून तो प्रश्न धोरणापर्यंत न्यायचा. या तिन्हींपैकी कायद्याने आयोगाला सोपवलेले मुख्य काम शेवटचे, म्हणजे प्रश्न धोरणापर्यंत नेण्याचे आहे. स्त्रियांसंबंधीच्या कायद्यांचा आढावा घेणे, त्यांतील उणिवा दाखवणे, तुरुंग, सुधारगृहे आणि महिलांच्या निवासी संस्थांना भेटी देऊन तिथली स्थिती तपासणे, अभ्यास करून शासनाला अहवाल देणे, अशी ती यादी आहे. राष्ट्रीय कायद्यानुसार आयोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवताना शासनाने त्यावर काय केले आणि शिफारस मान्य केली नसेल तर का केली नाही, हे सांगणे बंधनकारक आहे. या तरतुदीकडे सामान्य लोकांचे लक्ष जात नाही. माझ्या मते मात्र सदस्याच्या हातातील सर्वांत मजबूत साधन तेच आहे. ‘महिलांची सुरक्षा वाढवावी’ अशी शिफारस असेल तर शासन ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होते. ‘अमुक प्रकारच्या वसतिगृहात रात्री महिला कर्मचारी असावी आणि तिची नेमणूक अमुक तारखेपर्यंत व्हावी’ असे लिहिले तर उत्तर होय किंवा नाही, यांपैकी एक द्यावे लागते. मावशी शिक्षिका होत्या, त्यामुळे मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येते हे त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, हे दोन्ही मावशींना तोंडपाठ असले पाहिजेत. येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे खरे ठिकाण आयोग नसून कार्यालयातील अंतर्गत समिती, जिल्ह्याची स्थानिक समिती, संरक्षण अधिकारी किंवा दंडाधिकारी हे असते. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ही एक गोष्ट प्रत्येक सुनावणीच्या सुरुवातीला मोठ्याने सांगितली तरी अर्ध्या बायकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसते. योग्य दार दाखवणे आणि ते दार बंद असेल तर ते का बंद आहे हे त्या कार्यालयाला लेखी विचारणे, हे सदस्य करू शकतात. लेखी विचारण्यावर मी मुद्दाम भर देते. फोनवर दिलेले आश्वासन फोन ठेवताच संपते, पण जावक क्रमांक घालून गेलेल्या पत्राची पोच फाईलमध्ये राहते आणि पुढच्या सदस्यालाही ती सापडते.

बोलण्याविषयीही सांगायला हवे. २०२१ च्या जूनमध्ये केरळच्या महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी एका वाहिनीवरील थेट कार्यक्रमात, घरातील हिंसेविषयी सांगणाऱ्या स्त्रीने पोलिसांत तक्रार केलेली नाही हे कळल्यावर, ‘मग सोसा’ अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यावर एवढा क्षोभ उसळला की त्यांना राजीनामा द्यावा लागला. हाच तो आयोग, ज्याच्या पहिल्या अध्यक्ष कवयित्री सुगतकुमारी होत्या. मी त्या प्रसंगाचा विचार पुष्कळदा करते, कारण दिवसभरात तीस-चाळीस कहाण्या ऐकल्यानंतर एकेचाळिसाव्या बाईपुढे आपलाही आवाज चढतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तिने उशीर का केला, पोलिसांत का गेली नाही, परत का गेली, हे प्रश्न तिला तिच्या घरातल्या प्रत्येकाने आधीच विचारलेले असतात. मावशींनी एका दिवसात किती जणींना भेटायचे याची मर्यादा स्वतःच ठरवावी आणि बाहेर रांग उभी असली तरी मध्ये पंधरा मिनिटे थांबावे.

रिकाम्या पदांचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. आपल्या राज्यात २००९ नंतर सुमारे चार वर्षे आयोगाला अध्यक्ष नव्हत्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिल्यानंतर पुढची नेमणूक ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. या दुसऱ्या काळात टाळेबंदी होती, बायका मारणाऱ्या माणसाबरोबर एकाच खोलीत कोंडलेल्या होत्या, आणि नेमक्या तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. कार्यालय अर्ज स्वीकारते, कर्मचारी काम करतात, पण समन्स काढून जाब विचारण्यासाठी आणि शासनासमोर उभे राहण्यासाठी नेमलेले माणूस लागते. मला याचा आजही राग येतो. सरकार बदलले की नेमणुका लांबतात आणि त्याची किंमत मोजणाऱ्या बायकांना ते सरकार कोणाचे होते याच्याशी काही देणेघेणे नसते. म्हणून मावशींसारखी अनुभवी व्यक्ती तयार असेल तर तिने नाही म्हणू नये असे मला मनापासून वाटते.

त्यांनी होकार दिला तर वांद्र्याच्या कार्यालयात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी मागाव्यात : आपल्या विभागातील सर्वांत जुन्या प्रलंबित तक्रारींची यादी, मागच्या काही वार्षिक अहवालांतील शिफारशी, आणि त्या शिफारशींवर शासनाकडून आलेली उत्तरे. सत्कार आणि उद्घाटनांची निमंत्रणे त्याच आठवड्यापासून येऊ लागतील, त्यांना नंतर वेळ मिळेल. प्रलंबित यादीतील सर्वांत वरच्या नावाला मावशींनी स्वतः पत्र लिहावे किंवा फोन करावा. एवढ्या वर्षांनी आपला अर्ज कोणीतरी उघडून वाचला, हे त्या बाईला कळू द्यावे, आणि तिला आज काय हवे आहे ते विचारावे.