'कर्णबधिर' हा पिवळा पीतांबर नव्हे

प्रश्न असा आहे: "दंतवैद्य म्हणाले, 'हिरडी बधिर करतो.' बाहेर पडलो तर समोर 'कर्णबधिर विद्यालय' अशी पाटी. मग बधिर म्हणजे सुन्न की बहिरा? आणि बहिरा असेल तर आधी 'कर्ण' कशाला? बहिरेपण कानाचंच असतं ना? हा पिवळा पीतांबर झाला."

नाही झाला. दोन्ही अर्थ बरोबर आहेत आणि पाटीही बरोबर आहे. पण त्याआधी एका वाक्प्रयोगाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो दर गणेशोत्सवात कानावर आदळतो: "कानाचे पडदे गेले." कुणाला कमी ऐकू येऊ लागलं की दोष पडद्यावर. डीजेच्या भिंतीसमोर वर्षानुवर्षं नाचून ऐकणं मंदावलं, तरी पडदाच गेला म्हणायचं! पडदा म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा पातळ पापुद्रा, आणि थरथरणं हे त्याचं काम. ती थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमधून आत जाते. यांतली रिकीब सुमारे 3 मिलिमीटरची, अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. पडद्याला लहानसं भोक पडलं तर ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. दणदणाटाने कायमच्या मरतात त्या त्याच्या बऱ्याच आत असलेल्या केशपेशी. गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच-पावणेतीन वेढ्यांच्या नळीत त्या ओळीने बसलेल्या असतात, एका कानात साधारण 15 हजार. रिकिबीच्या ठोक्याने नळीतला द्रव हलतो, पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि आवाजाचा निरोप विजेच्या रूपात नसेकडे जातो. पेशी मेल्या की पडदा शाबूत, हाडं शाबूत, आवाज आतपर्यंत येतोसुद्धा, फक्त निरोप पुढे जात नाही.

'निरोप पुढे जात नाही' हे शब्द मुद्दाम वापरले. दंतवैद्य हिरडीत सुई देतो तेव्हा हेच घडतं. हिरडी जागेवर, दात जागेवर, कळ उठायचं कारणही जागेवर. पण औषधाने नस निरोप नेईनाशी होते. बधिर कान आणि बधिर हिरडी यांच्यात म्हणूनच मला काही अंतर दिसत नाही.

आता शब्दाकडे. संस्कृत 'बधिर' प्राकृतात 'बहिर' झाला, जसा दधिचा दही झाला आणि गोधूमाचा गहू. हिंदी बहरा, गुजराती बहेरो, नेपाळी बहिरो ही सगळी त्याचीच भावंडं. मराठीने घासलेलं रूप कानासाठी ठेवलं आणि मूळ रूप पुन्हा संस्कृतातून उचलून त्याला हिरडी, पाय, बोटं, मन इतका मोठा मुलूख दिला. एकाच घराण्यातले दोन भाऊ दोन वाटांनी गेले, इतकंच.

बधिर कुठून आला? संस्कृत व्याकरणपरंपरा उणादिसूत्राचा, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनले हे सांगणाऱ्या जुन्या सूत्राचा, आधार घेऊन सांगते की 'बन्ध्' धातूला 'किरच्' प्रत्यय लागला. ज्याची श्रवणशक्ती बांधली गेली तो बधिर. आजही लोक ही व्युत्पत्ती मान डोलावून सांगतात. मला ती अजिबात मान्य नाही. जुन्या आयरिश भाषेत बहिऱ्याला 'बोदर' म्हणतात, वेल्शमध्ये 'बदर'. संस्कृत, आयरिश आणि वेल्श एकाच भाषाकुळातल्या; हे बधिराचे सख्खे नातलग आहेत, आणि त्यांच्यात 'न्' चा मागमूस नाही. बन्ध् च्या खऱ्या नातलगांत तो ठसठशीत दिसतो. इंग्रजी 'बाइंड' पाहा. बोदराला बंधनात कोंबायचं तर त्याचा अनुनासिक कुठे गेला, हे आधी सांगावं लागेल. तो कुठेच गेला नाही, कारण तो कधी नव्हताच.

आणि खरा आनंद पुढे आहे. आजच्या आयरिशमधल्या या शब्दाचे अर्थ पाहा: बहिरा, बधिर पडलेला अवयव, आणि ज्याचा नाद घुमत नाही असा बोदा आवाज. हजारो मैल दूर, हजारो वर्षं वेगळं राहून त्या लोकांनीही कानाचा शब्द हातापायांना लावला! आपण काही संस्कृतची मोडतोड केली नाही; त्या शब्दाच्या स्वभावातच ती वाट आहे. आयर्लंडमध्ये 'बौरान' नावाचं डफासारखं कातड्याचं वाद्य आहे, त्याचं नावही याच शब्दावरून सांगतात. इंग्रजीतला 'बॉदर', म्हणजे त्रास देणं, तोही आयरिशमधूनच आला असावा असं अनेक कोशकार मानतात. कान किटवणं आणि त्रास देणं यांचं नातं गणपतीच्या दिवसांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

'कर्ण कशाला?' हे राहिलं. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, 23व्या सूक्ताच्या आठव्या ऋचेत शब्द आहेत: 'ऋतस्य श्लोको बधिरा ततर्द कर्णा'. ऋताच्या, म्हणजे सत्याच्या, घोषाने बधिर कान भेदले. 'बधिरा' हे इथे 'कर्णा' चं विशेषण आहे: दोन बधिर कान. माणूस बधिर म्हटलेला नाही, कान म्हटले आहेत. मग 'कर्णबधिर' ला द्विरुक्ती ठरवणाऱ्यांनी आधी या ऋषीची चूक काढावी. 'ततर्द' म्हणजे भोक पाडलं, टोचलं. सोनाराने कान टोचावेत म्हणतो आपण; इथे ते सत्याने टोचले आहेत. मी हा चरण कितीदा वाचला असेन, अजून अंगावर काटा येतो.

'मूकबधिर' मात्र जपून वापरा. ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचा गळा उत्तम असतो, आणि हातांनी बोलणाऱ्याला मूक म्हणणं मला पटत नाही.

जाता जाता: बहिरोबाचा बहिरेपणाशी संबंध नाही, तो भैरव. बहिरी ससाण्याचाही नाही. ते नाव 'बहरी' या रूपात फारसी-उर्दूतही आहे आणि तो पक्षी चांगला ऐकतो. उलट पक्ष्यांच्या कानाला जे साधतं ते आपल्याला साधत नाही. 1988 साली कोंबडीच्या पिल्लांवर आणि लाव्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मेलेल्या केशपेशींच्या जागी त्यांच्या कानात नव्या उगवतात.