निर्विवाद, निर्विवादित आणि तक्रारीतले दोन ‘रे’

भाची तलाठी भरतीचा अभ्यास करायलीय. तिनं विचारलंय, “मामा, ‘निर्विवाद’ हा शब्द रोजच्या बोलण्यात नेमका कुठं वापरायचा? ‘ही जमीन निर्विवाद आहे’ म्हणलं तर चालतं का? आणि क्लासच्या नोट्समधे ‘निर्विवादित’ दिलंय, ते बरोबर आहे का?”

बाई, शेवटचं आधी सांगतो कारण तेच डोक्यात जातं. निर्विवादित असा शब्द नाही. फ्लेक्सवर ‘निर्विवादित नेतृत्व’, टीव्हीवर ‘निर्विवादित आघाडी’, आणि आता नोट्समधे पण. ‘निर्’ म्हणजे निघून गेलेलं, ज्यातला विवाद निघून गेला ते निर्विवाद, झालं विशेषण तयार, त्याला वरून ‘इत’ची शेपटी कशाला? निर्भय, निर्धन, निर्दोष. निर्भयित म्हणतं का कुणी?

हे मी इथं चहाच्या टपरीवर बोललो तर एक रिटायर प्राध्यापक म्हणाले, मग निर्वासित, निर्वाचित कसं चालतं हो? अहो सर, तिथला निर् ‘नाही’ म्हणणारा नव्हेच, तो ‘बाहेर’वाला आहे आणि लागलाय धातूला. राहत्या जागेतून बाहेर काढला तो निर्वासित. तुमच्या हिशेबानं निर्वासित म्हणजे वास न येणारा होईल की! त्यावर ते ‘भाषा प्रवाही असते’ म्हणाले. व्याकरणात हरल्यावर सगळेच हे म्हणतात.

(तसं पाहिलं तर निर्व्यसनी पण चूकच, निर्व्यसन पाहिजे. पण ते लग्नाच्या बायोडाटात इतकं मुरलंय की मी हात टेकले. परवा एका बायोडाटात ‘मुलगा निर्व्यसनी व निर्विवाद’ वाचलं. त्यांना म्हणायचं होतं पोरगं भांडखोर नाही. निर्विवाद पोरगा म्हणजे ते पोरगंच आहे याबद्दल कुणाचा वाद नाही असं होतं, स्वभाव सांगायला ‘भांडकुदळ नाही’ म्हणा की सरळ.)

वापर सोपा आहे. जी गोष्ट सगळ्यांनाच मान्य, तिला हा शब्द. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागातली माळवदाची घरं कमी झाली हे निर्विवाद. निर्विवाद सत्य, निर्विवाद वर्चस्व, निर्विवाद नेता, हे सगळं बसतं. सरपंच मात्र ‘निर्विवाद निवडून आले’ लिहू नको, एकच फॉर्म उरला तर ते बिनविरोध, आणि बिनविरोध आलेल्या माणसाबद्दल गावात किती विवाद असतो ते पारावर बसून ऐक. जाता जाता, ह्या ‘बिन’ला फारसी म्हणणारे लै भेटतात. फारसीचा ‘बे’, अरबीचा ‘बिला’. बिन हा आपल्या ‘विना’चा पोरगा आहे.

आता जमीन. मी तीस वर्षं रजिस्ट्री ऑफिससमोर दस्त लिहिले, खरेदीखतात ‘सदर मिळकत निर्वेध व बिनबोजाची आहे’ असंच लिहायचो. बोलताना लोक ‘बिनवांध्याची’ म्हणतात. महसूलवाल्यांनी मात्र ‘अविवादग्रस्त’ काढलाय, तुला पाठ करावाच लागेल. ग्रस्त म्हणजे गिळलेला. आधी वादाला जमीन गिळायला लावायची, मग पुढं ‘अ’ लावून म्हणायचं, नाही गिळली. ह्यापेक्षा बिनतक्रार काय वाईट होतं?

आणि तक्रार शब्द निघालाच आहे तर खरी मजा तिथंच आहे.

आमच्याकडं निजामाच्या काळातल्या उर्दू नकला घेऊन लोक यायचे, वाचता कुणाला येत नव्हत्या, मग शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मुन्शींकडं न्यायच्या. ते भिंग लावून बोट फिरवत वाचायचे. एकदा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची नकल होती, त्यात ‘तकरार’ आला. मुन्शी थांबले, म्हणाले, हे बघा, ह्याच्यात ‘रे’ हे अक्षर, म्हणजे आपला ‘र’, दोनदा येतो. अरबीत तकरार म्हणजे मुळात भांडण नाहीच, तकरार म्हणजे तेच ते परत करणं, पुनरावृत्ती! मुशायऱ्यात शेर आवडला की ‘मुकर्रर, मुकर्रर’ ओरडतात ना, परत म्हणा म्हणून, तो तक्रारीचा सख्खा भाऊ. (आपला ‘तारीख मुक्रर केली’तला मुक्रर वेगळा, त्याचा ‘क’ घशातून येणारा, त्याचं घराणं दुसरं. हे दोन एक करणारे कोशवाले बहाद्दर पण मी पाहिलेत.)

म्हणजे आधी परत परत म्हणणं, मग दोघांनी आपापलं परत परत म्हणणं म्हणजे वादावादी, उर्दूत तकरार तिथंच थांबली, मराठीत अजून एक पायरी उतरून ती गाऱ्हाणं झाली. माझं मत विचारशील तर मराठीनं मूळ अर्थ सोडलेलाच नाही. फेरफाराची, म्हणजे सातबारावरच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस निघते, पंधरा दिवसात हरकत घ्यायची असते, भाऊबंद जाऊन सांगतो, मग सर्कलपुढं (मंडळ अधिकाऱ्यापुढं) तेच सांगतो, मग तहसीलला तेच, मग प्रांताकडं तेच. पुनरावृत्ती नाही तर काय आहे ही?

शुद्धीवाले म्हणतात तक्रार परकी, ‘गाऱ्हाणं’ वापरा. शब्द झकास आहे, गर्हणा वरून आलाय, पण गाऱ्हाणं देवापुढं नाहीतर वडीलधाऱ्यापुढं घालतात. आवक-जावक नंबर मिळतो तो तक्रारीला.

आणि खरी गंमत तर पुढं आहे. विवाद, संवाद, अनुवाद सगळे ‘वद्’ म्हणजे बोलणे यातले. वेगळं बोलणं विवाद, मिळून बोलणं संवाद. अनुवाद म्हणजे आज भाषांतर, पण संस्कृतात मूळ अर्थ काय? आधी सांगितलेलं परत सांगणं! म्हणजे अर्थानं बघितलं तर अरबी तकरार आणि संस्कृत अनुवाद एकच की. मला हे सुचलं तेव्हा रात्री अकरा वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं. ती म्हणाली, हे तुम्ही मागच्या महिन्यात पण सांगितलं होतं.

विवादाचं पण कमी समजू नको. धर्मशास्त्रात विवाद म्हणजे खटला, मनूनं खटल्यांचे अठरा प्रकार सांगितले त्यात सीमाविवाद आहे, म्हणजे आपला धुऱ्याचा वादच. आणि वारसाहक्कात ज्या मिताक्षरा ग्रंथाचं नाव वकील अजून घेतात ती लिहिणारा विज्ञानेश्वर होता चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे उमरग्याच्या पलीकडचं बसवकल्याण, १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होतं ते.

हां, जमिनीचं विचारलं होतंस. ‘निर्विवाद जमीन’ व्याकरणानं चूक नाही, पण तसं कुणी बोलत नाही, ‘ह्या जमिनीवरची आमची मालकी निर्विवाद आहे’ असं म्हण. पेपरात मात्र त्यांचा अविवादग्रस्तच लिही, मार्क कापून घेऊ नको. आणि त्या नोट्स रविवारी येताना घेऊन ये, लाल पेन आहे माझ्याकडं.