सात महिन्यांची कमाई एका कॅमेऱ्यात घालू का?

प्रश्न: मी बरीच वर्षं व्यावसायिक फोटोग्राफी करतो. मुख्य काम लग्नांचं आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांचं, अधूनमधून पोर्ट्रेट. लायका या जर्मन कंपनीच्या एम मालिकेतल्या एका कॅमेऱ्याची लिमिटेड एडिशन मिळते आहे. नग मोजकेच आहेत. किंमत माझ्या सात महिन्यांच्या निव्वळ कमाईइतकी, आणि तोच कॅमेरा साध्या रूपात साडेपाच महिन्यांच्या कमाईत येतो. नोंदणीची रक्कम भरून झाली आहे. निम्मे पैसे शिलकीतून आणि निम्मे तीन वर्षांच्या हप्त्यांवर, असा विचार आहे. शिल्लक साधारण चार महिन्यांच्या कमाईएवढी आहे. हाताशी दोन बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आहेत, त्यातल्या जुनीचं शटर कुरकुरायला लागलंय. नवा कॅमेरा कामाला येईल, त्याची किंमत वाढत जाईल आणि क्लायंटवर छापही पडेल, असं मला वाटतं. घरचे याला वेडेपणा म्हणतात. तुमचं मत काय?

उत्तर: घरच्यांचा शब्द जरा जड झाला, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. आत्ता, अशा पद्धतीने पैसे उभे करून, हा कॅमेरा घेऊ नका. कधीच घेऊ नका असं मात्र म्हणत नाही. तो कधी परवडेल, तेही पुढे सांगते.

तुम्ही तीन कारणं एका दमात दिली आहेत: काम, गुंतवणूक आणि छाप. यातली पहिली दोन एकमेकांच्या मुळावर उठणारी आहेत. लिमिटेड एडिशनसाठी संग्राहक जास्तीचे पैसे कशाचे मोजतो? मूळ खोका, क्रमांकाचं प्रमाणपत्र, सोबतचा पट्टा न वापरलेला, तळपट्टीवर एकही चरा नाही, शटर जेमतेम चाचणीपुरतं चाललेलं, या सगळ्याचे. तुम्ही तो कॅमेरा गळ्यात अडकवून एका लग्नाच्या गर्दीत शिरलात, दुसऱ्या बॉडीवर तो दोनदा आपटला, की वरचे पैसे गळायला लागले. बरं, जपून कपाटात ठेवला तर तो एक रुपयाही कमावणार नाही. वापरला तर गुंतवणूक नाही, आणि गुंतवणूक म्हणून ठेवला तर कामाचा नाही. पत्रात तुम्ही दोन्ही फायदे एकाच वेळी धरले आहेत, तिथेच हिशेब चुकतो.

समजा, तुम्ही तो कपाटातच ठेवला. मग निदान गुंतवणूक म्हणून तरी तो पटतो का, ते पाहू. किंमत १०० धरा. हेच १०० सुरक्षित ठेवीत दरसाल ६ टक्क्यांनी ठेवले, तर ५ वर्षांनी सुमारे १३४ होतात. कॅमेऱ्याच्या विम्याला वर्षाला दीड टक्का धरला तर ५ वर्षांत साडेसात गेले. विकताना लिलावगृह किंवा मध्यस्थ आपलं कमिशन कापणार, ते १५ टक्के धरू. दर कमी-जास्त असतील, गणिताची जात तीच राहते. आता ठेवीशी नुसती बरोबरी करायची, तर कॅमेरा किती भावाने विकला जायला हवा? सुमारे १६६ ला. म्हणजे ५ वर्षांत किंमत दोन तृतीयांशाने वाढली, तर तुम्ही कुठे ठेवीच्या रांगेत येऊन उभे राहता. ११० ला विकला गेला तर लोक म्हणतील भाव वाढला, तुमच्या हातात मात्र कमिशन आणि विमा वजा जाता ८६ उरतील. यात कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही.

लिलावाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असणार. २०२२ च्या जूनमध्ये लायकाच्या ० मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. आकडा डोळे फिरवणारा आहे खरा. पण तो कॅमेरा कोणता होता? ज्याने लायका घडवली, त्या ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा, त्याच्या हाताखाली राबलेला, व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेला. लायका बाजारात आली १९२५ साली, आणि ही ० मालिका त्याआधीची, चाचणीसाठी काढलेल्या थोड्याशा नगांची. २०१२ मध्ये १६ लाख ८० हजार युरोंना गेलेला एम३डी हा छायापत्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांचा कामाचा कॅमेरा होता. यांतला एकही ‘संग्राहकांसाठी खास’ म्हणून छापील प्रमाणपत्रासह निघालेला नव्हता. हे कॅमेरे वापरले गेले, आणि वापरणारा कोण होता त्यावर भाव ठरला. ‘५०० पैकी २१७’ या कोरीव अक्षरांना तसा इतिहास नसतो. शिवाय अशा एडिशन घेणारे जवळपास सगळेच त्या जपून ठेवतात, त्यामुळे वीस वर्षांनीही नवेकोरे नग बाजारात मिळतच राहतात. दुर्मिळता त्यानेही पातळ होते.

डिजिटल कॅमेऱ्याचं आणखी एक दुखणं आहे. १९५४ चा एम३ आजही चांगल्या कारागिराकडे दिला तर ठणठणीत होऊन येतो, कारण आत गिअर, स्प्रिंगा आणि काचा आहेत. डिजिटलचं तसं नाही. २०१० मध्ये एम९ ची टायटॅनियममधली ‘टायटन’ एडिशन निघाली, ५०० नगांची, मोटारींचे डिझायनर वॉल्टर डी सिल्व्हा यांनी आखलेली. दिसायला देखणी. पण आतला सीसीडी सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, साध्या एम९ चाच. त्या सेन्सरवरच्या काचेला गंज चढण्याचा दोष पुढे उघड झाला. कंपनीने बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले, पण त्या जातीचे सुटे भाग संपत गेले तशी ती वाटही बंद झाली. बाहेरचं टायटॅनियम शंभर वर्षं टिकेल, पण आतली बॅटरी, सर्किट आणि सेन्सर काही टायटॅनियमचे नसतात.

सगळ्या एडिशन एका मापाने मोजू नयेत, हेही खरं. फुजीफिल्मने २०२४ मध्ये एक्स१००व्हीआयचे १९३४ नग काढले, कंपनीच्या स्थापनावर्षाचा आकडा म्हणून. साध्या मॉडेलपेक्षा ते साधारण २५ टक्क्यांनी महाग होते. मूळ किंमतच आवाक्यातली, त्यामुळे वरचे पैसे हौस म्हणून सोडून देता येतात. दुसऱ्या टोकाला हॅसलब्लॅडचा ‘ल्युनार’. २०१२ च्या फोटोकिना या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात तो दाखवला गेला. आत सोनीचा नेक्स-७, बाहेरून लाकूड, चामडं वगैरे, आणि किंमत मूळ कॅमेऱ्याच्या कित्येक पट. पुढे तो मोठ्या सवलतीत विकला गेला. नाव मोठं होतं, तरी बाजाराने त्याला फार दिवस मानलं नाही.

मला स्वतःला सर्वात मजेशीर वाटते ती लायकाचीच २०१५ ची ‘करस्पाँडंट’, गायक लेनी क्रॅविट्झसोबत केलेली, १२५ संचांची. कडांवरचा काळा रंग हाताने घासून खालचं पितळ दाखवलेलं, जणू कॅमेरा वर्षानुवर्षं रणांगणावर फिरून आलाय. तुमच्या जुन्या बॉडीला हे सगळं फुकटात मिळालंय!

आता कामाकडे वळू. इथे एडिशन बाजूला ठेवा, साध्या कॅमेऱ्याचाच विचार करा. एम म्हणजे बहुतेक रेंजफाइंडर, खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा हाताने जुळवून फोकस साधायचा; ऑटोफोकस नाही. पोर्ट्रेटला किंवा शांतपणे टिपायच्या प्रसंगांना तो सुरेखच आहे. पण वधू-वर चालत येताहेत, उजेड पिवळट आणि अपुरा, समोरून नातेवाईकांचे मोबाइल आडवे येताहेत आणि तुमच्या हातात दोन सेकंद आहेत, अशा वेळी फोकसची रिंग फिरवत बसायचं? काही जण ते करतात आणि उत्तम करतात. त्यांनी त्यावर हात बसवलेला असतो. तुम्ही एम वर काम केल्याचं पत्रात कुठे नाही. दुसरं म्हणजे बॅकअप. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवणारी बॉडी ही या धंद्यात चैन नसून गरज आहे. एम१० मध्ये एकच कार्ड बसतं. एम११ मध्ये कार्डाच्या जोडीला आतली ६४ जीबी मेमरी दिली आहे, म्हणजे सोय आहे, पण ती मेमरी काढून सहाय्यकाच्या हातात देता येत नाही. तुमची एडिशन कोणत्या मॉडेलवर बेतलेली आहे, ते आधी बघा. काही एडिशनमध्ये तर सोयी मुद्दाम काढून टाकलेल्या असतात. २०१४ च्या ‘एडिशन ६०’ च्या ६०० नगांना मागे स्क्रीनच नाही, त्या जागी आयएसओची, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता ठरवण्याची, गोल तबकडी आहे. क्लायंट म्हणाला, ‘आत्ताचा फोटो दाखवा जरा,’ तर काय दाखवणार?

छापेबद्दल थोडक्यात. लग्नाची ऑर्डर देणारे तुमचे जुने अल्बम बघतात, तारीख विचारतात, घासाघीस करतात. कॅमेऱ्यावरचं नाव वाचून दर वाढवून देणारा क्लायंट अपवादाने भेटेल. तुम्हाला शंका असेल तर सोपी परीक्षा आहे: गेल्या वर्षभरातल्या ऑर्डरी काढा आणि किती जणांनी बॉडीबद्दल चौकशी केली ते आठवा. गंमत म्हणजे रस्त्यावर काम करणारे बरेच फोटोग्राफर लोगोवर काळी चिकटपट्टी लावतात. लायकाच्याच ‘पी’ मॉडेलांवर पुढचा प्रसिद्ध लाल ठिपका नसतो, ती अशांनाच डोळ्यांसमोर ठेवून केलेली.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुमची शिल्लक चार महिन्यांची, आणि तिच्यातून साडेतीन महिन्यांची कमाई काढायची म्हणता. मागे उरतात पंधरा दिवस. उरलेले साडेतीन कर्जाने. १२ टक्के दराने तीन वर्षं धरली, तर दरमहा कमाईच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास हप्ता, आणि एकूण व्याज जवळजवळ वीस दिवसांच्या कमाईएवढं. नोकरदाराला हे कदाचित झेपलं असतं. तुमच्या धंद्यात हंगाम असतो. ऑफ-सीझनला ऑर्डरी आटतात, हप्ता आटत नाही. त्यात जुन्या बॉडीचं शटर कुरकुरतंय. ऐन हंगामात ते गेलं, तर नवी बॉडी कशातून घेणार? लिमिटेड एडिशन मोडून? घाईत विकायला काढलेल्या वस्तूचा भाव घेणारा ठरवतो.

त्यामुळे आधी काय करायचं, ते उघड आहे. जुन्या बॉडीच्या जागी दोन कार्डांची, तुमच्या हातच्या लेन्स चालतील अशी बॉडी घ्या, सेकंड हँड चांगली मिळाली तर तीच. हा खर्च काही महिन्यांच्या ऑर्डरींतून भरून निघतो, आणि त्याचा घसारा धंद्याच्या वहीत सरळ धरता येतो. लिमिटेड एडिशनचा घसारा धरायला जाल, तर ती खरंच कामाला वापरली का, हा प्रश्न येणारच. तुमच्या कर सल्लागाराला तो आधीच विचारा. मग शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या. सगळ्या सामानाचा विमा ‘व्यावसायिक वापर’ असं स्पष्ट लिहून घेतलेला आहे का, तेही पाहा, कारण घरगुती पॉलिसीत हा वापर बऱ्याचदा वगळलेला असतो.

एवढं जमल्यावर एम भाड्याने घ्या, आठवडाभरासाठी. मोठ्या ऑर्डरीला नको, एखाद्या पोर्ट्रेटच्या कामाला न्या. हात बसला, निकाल आवडला, तर साध्या रूपातला, वापरलेला एम शोधा. त्याच्यावरची पहिली घट आधीच्या मालकाने सोसलेली असते, म्हणून पुढेमागे विकताना तुम्हाला फारशी झळ बसत नाही. आणि तो निर्धास्तपणे वापरता येतो, चरा पडला तर जीव वरखाली होत नाही.

आणि तरीही एडिशनच हवी असेल तर? हौसेला मोल नसतं, हे मलाही मान्य आहे. फक्त ती हौसेच्याच खात्यातून भागवा. धंदा, आणीबाणीची शिल्लक आणि निवृत्तीची गुंतवणूक यांना हात न लावता दरमहा थोडे थोडे बाजूला काढा, आणि कर्ज अजिबात नको. त्या दिवशी ‘किंमत वाढेल का’ हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. ज्यांची कामं मुख्यतः पोर्ट्रेटची किंवा प्रदर्शनांची आहेत, ज्यांच्याकडे कामाची दुसरी बॉडी आहे आणि पैसा मोकळा आहे, अशांना मी अशी खरेदी करू दिली आहे, कपाळाला आठी न घालता. त्यांना ती कमावण्यासाठी नको होती, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

राहिली नोंदणीची रक्कम. ती गेलीच, तर जाऊ द्या. ती वाचवण्यासाठी उरलेले पैसे घालणं महागात पडेल. पण ती जाईलच असंही नाही. माल येण्यापूर्वी नोंदणी रद्द केल्यास पूर्ण किंवा काही रक्कम परत देणारे विक्रेते असतात, आणि नग मोजके असल्यामुळे तुमच्या मागे रांग असेल तर त्यांचंही काही अडत नाही. पावतीवरच्या अटी वाचा, रद्द करण्याची मुदत कधी संपते ते याच आठवड्यात ईमेलवर विचारा, आणि उत्तर लेखी आल्याशिवाय पुढचा हप्ता भरू नका.