पगारावरची जप्ती: निम्मा पगार कापायला सांगितलं कोणी?

प्रश्न: धाकट्या दिरांनी टेम्पोसाठी कर्ज काढलं, तेव्हा मी जामीन राहिले. हप्ते थकले, बँकेने दोघांवरही दावा लावला आणि ४ लाख १० हजारांचा हुकूमनामा (पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल) झाला. दीर आता फोन उचलत नाहीत. मी एका खासगी कंपनीत स्टोअरकीपर आहे, पगार एकूण ३४,००० रुपये. कोर्टाचं पत्र आल्यापासून गेले नऊ महिने कंपनी निम्मा पगार, म्हणजे १७,००० कापून कोर्टात भरते. उरलेल्यात घरभाडं आणि मुलीची फी बसत नाही. नोकरी बदलली तर हे थांबेल का? की वसुलीवाल्याला परस्पर काही रक्कम देऊन मिटवून टाकू?

उत्तर: ताई, दोन्ही गोष्टी करू नका. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. बँक नव्या कंपनीचा पत्ता काढून तिथेही पत्र पाठवू शकते. हातची नोकरी तेवढी जाईल.

तुमच्या पत्रातल्या १७,००० या आकड्यापाशीच मी थांबलो. मी दिवाणी कोर्टात नाझर होतो, पगार जप्तीचे वॉरंट माझ्या टेबलावरून जायचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पोटगी सोडून इतर देण्यासाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. आता तुमचा हिशेब मांडू. ३४,००० मधून १,००० गेले, राहिले ३३,०००. त्यातले २२,००० सुरक्षित. कापता येतात ते ११,०००. म्हणजे दरमहा ६,००० जास्त कापले गेलेत, नऊ महिन्यांचे ५४,०००. ते वाया गेलेले नाहीत, कोर्टात भरले असतील तर देण्यातच जमा आहेत. पण घरात चूल पेटायला लागणारा पैसा तुमच्याकडून असा आधीच काढून घेणं कायद्यात बसत नाही. आणि कर्ज देताना बँकेने ‘कितीही पगार कापा’ असं लिहून घेतलं असेल, तरी या संरक्षणावर पाणी सोडणारा करार मुळातच रद्दबातल असतो.

कंपनीतल्या साहेबांशी मात्र भांडू नका. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे कापून भरणं त्यांना भागच असतं. आधी त्या आदेशाची नक्कल मागून घ्या. आदेशात ११,००० असून कंपनीच जास्त कापत असेल, तर कलम ६० चा हिशेब लिहून पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. आदेशातच १७,००० असेल, तर जिथे बँकेची दरखास्त (वसुलीचा अर्ज) चालू आहे त्याच कोर्टात अर्ज करा. सोबत पगाराच्या चिठ्ठ्या जोडा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तुम्ही संकोच करू नका.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. एकाच हुकूमनाम्यापोटी पगारावरची जप्ती सलग वा तुटक एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा मोकळा होतो. तुमचे नऊ महिने मोजून ठेवा. कर्ज मात्र त्याने माफ होत नाही. उरलेल्या रकमेसाठी इतर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

आता परस्पर मिटवण्याचं. एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले होते, हातात खिशातली छोटी वही. वसुलीच्या माणसाला कधी ५,०००, कधी ८,००० रोख दिल्याच्या नोंदी, तारीखवार, सुवाच्य अक्षरात. पावती एकही नाही. बँकेने रक्कम मिळाल्याचं नाकारलं. कोर्टाबाहेर दिलेला पैसा कोर्टात नोंदवला नाही तर अंमलबजावणी करणारं कोर्ट तो धरत नाही, आणि नोंदवण्याच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची. ते वही मिटून बराच वेळ तसेच उभे होते. मला त्यांच्यासाठी काहीच करता आलं नाही.

म्हणून तडजोड करायची तर जरूर करा, पण लेखी. बँकेच्या शाखेत एकरकमी किंवा हप्त्यांचा प्रस्ताव द्या, ठरलं की तुमच्या आणि बँकेच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करा आणि जप्ती उठवल्याचा आदेश कंपनीला पोचेल हे स्वतः पाहा. प्रकरण लोकअदालतीत ठेवायची विनंतीही करता येते. पैसे फक्त बँकेतून किंवा कोर्टात भरा.

‘आधी दिरांकडून घ्या’ हे म्हणणं कोर्टात टिकणार नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया दिरांकडून मागायचा हक्क तुम्हाला करार कायद्याने दिला आहे. त्यासाठी कपातीच्या सगळ्या पावत्या आणि पगाराच्या चिठ्ठ्या एका फायलीत लावा. सासरच्या नात्यात नोटीस पाठवणं जड जातं, ते मला समजतं. तरी फाइल आजच सुरू करा. आणि आदेशाची नक्कल मिळाली की त्यात आकडा काय आहे, तेवढं मला कळवा.