गौरीच्या जेवणानंतर उरलेलं अन्न: आधी भात, मग बाकीचं

ताई, पंचवीस पानांचा स्वयंपाक केलात आणि पावसामुळे आठ-दहा माणसं आलीच नाहीत. आता पुरण, कट, भात, चार भाज्या, अळूवडीचे उंडे, मोदकाचं सारण आणि पेढ्यांचे पुडे ओट्यावर आहेत. सासूबाई शिळं खात नाहीत, आणि तुम्ही विचारता आहात की यातून काय काय करता येईल. पदार्थ पुष्कळ आहेत, सांगतेच. पण भाद्रपदातल्या दमट हवेत अन्न वाचतं की जातं हे उद्याच्या पाककृतीवर ठरत नाही, पंगत उठल्यावरच्या पहिल्या दोन तासांवर ठरतं. म्हणून भांडी घासायला बसण्याआधी अन्नाकडे बघा.

सगळ्यात आधी भात. लोक बासुंदीची काळजी करतात आणि भाताचं पातेलं झाकण घालून रात्रभर ओट्यावर ठेवतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढीला लागतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही, आणि भाताला वास येतोच असं नाही. त्यामुळे 'वास घेऊन बघू' हा उपाय इथे चालत नाही. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास गरम राहतो. तो परातीत पसरा, पंख्याखाली निववा, पसरट डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि उद्याच संपवा. एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करायचा. दुपारपासून बाहेरच राहिलेला असेल तर मन घट्ट करून टाकून द्या.

नीट ठेवलेला भात फोडणीच्या भाताला ताज्यापेक्षा चांगला, शितं मोकळी राहतात. मसालेभात उरला असेल तर कुस्करून भाजणीत मिसळा आणि थालीपिठं लावा, आतल्या तोंडलीची चव फार छान लागते. भाताचे सांडगे मात्र आता घालू नका, उन्हाचा भरवसा नाही. आणि गौरी विसर्जनाला दहीभाताचा नैवेद्य असेल तर त्याला भात ताजाच लावा.

आता पुरण, तुमच्याकडचा खरा ठेवा. सगळ्या पुरणाच्या पोळ्या आज लाटून टाकू नका. पुरण तसंच राहिलं तर त्याचं काहीही होतं, पोळ्या झाल्या की वाटा बंद होतात. आधी कढईत पाणी न घालता पुन्हा एकदा परता, उलथनं उभं राहील इतकं घट्ट होऊ द्या. पूर्ण गार झालं की कोरड्या डब्यात भरा आणि ओला चमचा त्यात घालू नका. फ्रीजमध्ये चार दिवस, आणि छोट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये महिनाभर सहज राहतं. उद्या त्याचे दिंडे उकडा. परवा पुरणातच मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर मोहन घालून, पाण्याचा थेंबही न घालता मळा आणि पुऱ्या तळा. मुलांच्या डब्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. वाटीभर पुरण दुधात कालवून उकळलं, वर जायफळ किसलं की खीर होते.

लाटून झालेल्या पोळ्या गरम असताना एकावर एक रचू नका, घाम सुटून ओलसर होतात आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. कापडावर सुट्या गार करा, मग डब्यात. खाताना तव्यावर तुपात.

कटाची आमटी दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगली लागते हे कुणीही सांगेल, पण ती खळखळून उकळून, गार करून फ्रीजमध्ये गेली असेल तरच. सुक्या खोबऱ्याच्या वाटणाची असेल तर टिकते, ओला नारळ घातला असेल तर उद्या दुपारपर्यंत संपवा. फोडणी न दिलेला नुसता कट उरला असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, पुढच्या आठवड्यात आमटीला कामी येईल.

भाज्यांचं फार मनावर घेऊ नका. बटाट्याच्या भाजीचे वडे किंवा पराठे होतात, भोपळा-गवार भाजणीत जातात. अळूचं फदफदं चिंचेमुळे एक-दोन दिवस फ्रीजमध्ये नीट राहतं. वरणात कणकेची फळं सोडून वरणफळं करा, वर तूप. उरलेली भजी कढीत सोडा. दही घातलेली कोशिंबीर मात्र ठेवू नये, रात्रीच संपवा. अळूवडीचे उंडे उकडलेले पण न कापलेले असतील तर फ्रीजमध्ये तीन दिवस काळजी नाही, लागतील तसे कापा आणि तळा. मोदकाची पारी फ्रीजमध्ये कडक होते, म्हणून उरलेले मोदक हळदीच्या पानावर पुन्हा वाफवून घ्या. उकड उरली असेल तर मिरची-जिरं वाटून घाला आणि निवगऱ्या करा. आमच्याकडे मोदकांपेक्षा त्यांचीच वाट बघणारी माणसं आहेत.

सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. फ्रीज नव्हता त्या काळात शिळं न खाणं हा शहाणपणाच होता. त्यांना विचारून बघा, पुरण आजचं आणि पोळी उद्या ताजी लाटलेली असं चालेल का? बऱ्याच घरांत ज्येष्ठांना हे चालतं, कारण अग्नी नव्याने लागलेला असतो. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला आदल्या दिवशीचं गार अन्न त्याही श्रद्धेने खात असतील. तरी नको म्हणाल्या तर त्यांच्यापुरता वाटीभर ताजा भात लावा. घरातल्या एका माणसासाठी वेगळं शिजवल्याने अन्नाचा अपमान होत नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना, वॉचमनदादांना देणार असाल तर आज द्या, आत्ता द्या, गरम असताना, पोळीवर तूप घालून. दोन दिवस आपण खाऊन कंटाळलो आणि तिसऱ्या दिवशी डबा त्यांच्या हातात ठेवला, हे मला कधीच पटलेलं नाही. जे आपण आपल्या मुलाच्या पानात वाढणार नाही ते दुसऱ्याच्या डब्यात भरू नये. पुढच्या वर्षी तर पंगत बसण्याआधीच त्यांचे डबे भरून बाजूला ठेवा, सणाचं पहिलं वाढप त्यांचं. अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थांना द्यायचं असेल तर त्यांनाही स्वयंपाक उरेल असं दिसताच फोन करावा. रात्री अकराला कळवलं तर त्यांच्याही हातात काही राहत नाही.

आणि एक विनंती, पातेलंभर भात-पोळ्या गाईपुढे ओतू नका. नैवेद्याचा घास ठीक आहे. पण शिजलेलं धान्य आणि गूळ एकदम पोटात गेलं की गाईच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, कधी जनावर दगावतंही. सणाच्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर तेच करतं, म्हणून धोका जास्त. पानांत टाकलेलं खरकटं असेल ते केळीच्या पानांसकट बारीक फाडून, भरपूर वाळक्या पाल्यात मिसळून खतात घाला.

राहिले पेढे आणि नारळ. पूजेचे फुटलेले नारळ आजच खवून फ्रीजरमध्ये टाका, बाहेर ठेवले तर खवट होतील. मोदकाच्या सारणाच्या वड्या होतात, थोडं दूध घालून आटवा आणि थापा. पेढे कुस्करून पुरणपोळीसारख्या पेढ्यांच्या पोळ्या करा. सारणात साखर अजिबात घालू नका, पेढ्यात असते तेवढी पुरते. सारण पातळ वाटलं तर कोरडी भाजलेली चमचाभर कणीक मिसळा, म्हणजे लाटताना फुटणार नाही.