आधी ऊन शोधा, मग बियाणं आणा

डिसेंबर लागला की पत्रांचा विषय ठरलेला असतो. नागपुरातल्या गोकुळपेठेच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग दिसू लागतात आणि आपल्याही घरी चार पानं उगवावीत असं वाटायला लागतं. पण फ्लॅटला अंगण नाही, गच्ची सगळ्या सोसायटीची. उरते ती खिडकी, गॅलरी आणि स्वयंपाकघराचा ओटा. यंदाच्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही मानेवाड्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीनंतर हॉलमध्ये टबात मेथी आणि पालक पेरला. उगवण छान झाली, पण आठवडाभरात रोपं दोऱ्यासारखी बारीक आणि लांब झाली, मग आडवी पडली. थंडी बाधली असेल का? टब हीटरजवळ ठेवू का?

उत्तर : हीटरजवळ मुळीच नको, उरलेली रोपंही वाळतील. तुमच्या मेथीला थंडी बाधलेली नाही, तिला उजेड कमी पडला. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) ही थंडीचीच पिकं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, पण तशी रात्र क्वचित. एरवी आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री १२-१३ अंश आणि दुपारी २८ च्या आसपास असतं. शिवारातली मेथी याच हवेत उघड्यावर वाढते. तुमच्या हॉलमध्ये तर त्याहून ऊबच आहे.

नवरात्रातला घट आठवा. देवघरात पेरलेलं धान दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं, पण रंगानं पिवळं आणि दांड्यानं नाजूक. उजेड कमी असला की रोप दाण्यातला सगळा साठा देठ लांबवण्यात घालवतं, कारण त्याला आधी उजेडापर्यंत पोचायचं असतं. साठा संपतो, पानं हिरवी धरत नाहीत आणि देठाला स्वतःचं वजन पेलत नाही. घटाचं काम दसऱ्याला पूर्ण होतं. आपल्याला मात्र पुढे महिनाभर पानं खुडायची आहेत.

आपले डोळे कमी उजेडाला चटकन सरावतात, त्यामुळे हॉल आपल्याला लख्ख वाटतो. खिडकीपासून चार-पाच फूट आत गेलं की तिथला उजेड खिडकीतल्या उजेडाच्या मानानं फारच थोडा असतो. म्हणून येत्या रविवारी एक काम करा. सकाळी ९ ला, दुपारी १२ ला आणि ३ ला घरभर फिरा आणि ऊन जिथे जिथे पडलं असेल तिथे फरशीवर खडूनं रेघ मारा. या दिवसांत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. डिसेंबरच्या भर दुपारीही नागपुरात तो क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन छज्जाखालून शिरतं आणि खिडकी जेवढी उंच, जवळजवळ तेवढं आत फरशीवर येतं. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा याच खिडकीत ऊन येत नाही. उन्हाळ्यात सावलीची म्हणून ओळखलेली खिडकी हिवाळ्यात भाजीसाठी घरातली सर्वांत चांगली जागा ठरते, आणि ही गोष्ट फार थोड्या घरांत लक्षात घेतली जाते. उत्तरेच्या खिडकीत सध्या थेट ऊन नाही. पूर्वेला नि पश्चिमेला दोन-चार तास मिळतं. पालेभाजीचं त्यावर भागतं.

जागा सापडली की ती मोकळी करा. एप्रिलच्या उन्हासाठी काचेला लावलेली काळी फिल्म, ग्रीलला बांधलेली हिरवी जाळी कितीतरी घरांत डिसेंबरातही तशीच असते. जाळी सोडून गुंडाळून ठेवा. मच्छरजाळी धुळीनं भरली असेल तर धुवा. दिवसा काच सरकवून ठेवा.

आडवी पडलेली मेथी फेकू नका, मुळं कापून वरणात टाका. नवी पेरताना दाणे मुठीनं ओतू नका. दोन दाण्यांत बोटभर अंतर पडेल अशी पसरा. टब रोज अर्धा फिरवा, म्हणजे रोपं एकाच बाजूला झुकणार नाहीत.

थेट ऊन कुठेच येत नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब लावा. गुलाबी-जांभळ्या महागड्या दिव्यांची गरज नाही. २० वॅटची ट्यूब शेंड्यांच्या वर वीतभर अंतरावर टांगा. छतावरची ट्यूब या कामाची नाही, कारण अंतर वाढलं की उजेड झपाट्यानं घटतो. रोज १२ तास चालू ठेवली तरी महिन्याला सात-सव्वासात युनिट वीज लागते. त्याहून जास्त तास नको. दिवस मोठा झाला असं समजून पालक पानं सोडतो आणि तुऱ्यावर येतो.

प्रश्न : डब्यातले धने पेरले. आठ दिवस झाले, एक कोंब नाही. बाजारातून बियाणंच आणायला हवं का? (धंतोली)

उत्तर : आठ दिवस म्हणजे घाई झाली. थंडीत सांबार उगवायला दहा-बारा दिवस सहज लागतात, कधी पंधराही. धने भाजलेले नसतील आणि फार जुने नसतील तर डब्यातलेच चालतात. पण ते अख्खे पेरू नका. एक धना हातात घेऊन नीट पाहा : त्यावर उभ्या रेघा असतात आणि बोटांत दाबला की त्याच्या दोन फाकी होतात. बी प्रत्येक फाकीत एक. वरचं टरफल कडक असल्यानं अख्ख्या धन्यात पाणी हळू मुरतं.

पोळपाटावर मूठभर धने घ्या आणि लाटणं हलक्या हातानं एकदा-दोनदाच फिरवा. दाणा दुभंगला पाहिजे, भरडला जाता कामा नये. पोळपाटावर पीठ दिसलं तर हात जड झाला. मग रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी उपसून फडक्यावर तासभर पसरा आणि अर्धा इंच खोल पेरा. वरून ओलं गोणपाट टाका. रोज त्याची एक कड उचलून पाहा. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एक दिवसही जास्त राहिलं तर मान लांबते आणि मानेवाड्याच्या मेथीसारखंच होतं.

सांबाराला सोटमूळ असतं, त्यामुळे कुंडी सहा इंच तरी खोल हवी, आणि रोप उपटून दुसरीकडे लावू नये. पेरल्यापासून सव्वा ते दीड महिन्यात खुडायला येतो. बाहेरची पानं आधी खुडा, मधला कोंब राहू द्या. दर पंधरा दिवसांनी एक नवी कुंडी पेरली तर संक्रांतीनंतरही बाजारातून जुडी आणावी लागत नाही.

प्रश्न : काटोलच्या आमच्या शेतातली काळी माती मुद्दाम आणून कुंड्या भरल्या. पालक पिवळा पडतोय आणि माती कडेनं सुटून फाटते आहे.

उत्तर : तुमची माती उत्तम आहे, शेतात. काळ्या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात त्या भेगा तिच्या कामी येतात, खाली हवा जाते. कुंडीत मात्र ओली असताना मुळांचा श्वास कोंडतो, आणि वाळली की ती कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पालक पिवळा पडायचं कारण बहुतेक हेच.

सगळी माती टाकून देऊ नका. एक भाग काळी माती, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत घ्या. कोकोपीट नसेल तर कन्हानची जाड रेती चाळून घाला. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरे. सरकीची ढेप घरातल्या कुंडीत नको. ती आंबते, वास येतो आणि माश्या होतात. मिश्रण मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर गोळा बोटानं सहज फुटला पाहिजे. आपला हा पालक खरं तर बीटाच्या कुळातला, आणि त्याच्या एका खडबडीत बीतून दोन-तीन रोपं निघतात. त्यातलं एक ठेवा, बाकीची कोवळी असतानाच काढून खा. जागा मिळाली तर पालक जमिनीपासून दोन बोटं वर कापल्यावर पुन्हा फुटतो. तीन-चार कापण्या निघतात.

प्रश्न : कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात आणि सकाळी काही रोपं बुडाशी काळी पडून कोसळलेली दिसतात. औषध सांगा. (जयताळा)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, जास्त पाणी. हिवाळ्यात घरातली कुंडी वाळायला वेळ लागतो, आणि आपण सवयीनं रोज पाणी घालतो. वरची माती सतत ओली राहिली की चिलटं तिथेच अंडी घालतात आणि मर रोगाची बुरशी रोपाची मान धरते. कोसळलेली रोपं मातीसकट चमच्यानं उचलून टाका, ती परत उभी राहत नाहीत.

पुढे बोटाचं पहिलं पेर मातीत घालून पाहायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी. छोट्या कुंड्या परातीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवून खालून पाणी पिऊ दिलं तर वरचा थर कोरडा राहतो. चिलटांसाठी पिवळे चिकट कार्ड कुंडीत खोचा. नवी पेरणी विरळ करा आणि मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. कृषी सेवा केंद्रात मिळतं. खायच्या पानांवर आणि तेही घराच्या आत रासायनिक फवारणी करा असं मी कोणालाही सांगणार नाही. मेथी-मोहरीवर मावा आला तर शेंडे नळाखाली धरून धुवा, फार झाला तर तेवढे शेंडे कापून टाका.

प्रश्न : पूर्वेच्या गॅलरीत भेदराची (टोमॅटोची) चार झाडं आहेत. फुलं भरपूर येतात आणि गळतात. (खामला)

उत्तर : भेदराला फळासाठी रोज सहा तास तरी ऊन लागतं, पूर्वेच्या गॅलरीत ते मिळणं अवघड. त्यात रात्री पारा १३ च्या खाली राहिला की फळधारणा मंदावते, आणि जाळीबंद गॅलरीत फुलं हलवायला वारा नाही, मधमाशी नाही. सकाळी दहा-अकराला फुलांच्या दांड्यावर बोटानं टिचकी मारत चला, परागकण झडून काही फळं धरतील. माझं मत विचाराल तर दोन झाडं ठेवा आणि बाकीच्या जागेत पालक लावा. पानासाठी लावलेलं पीक कमी उन्हात तग धरतं, फळासाठी लावलेलं धरत नाही. मिरची-वांग्यालाही हेच लागू.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, रात्री झाडं खोलीत ठेवू नयेत, हवा खराब होते.

उत्तर : रात्री झाडं श्वास घेतात हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण पाच-सहा कुंड्या मिळूनही झोपलेल्या एका माणसापेक्षा फारच कमी हवा वापरतात. काळजी नको. तरी त्यांच्या खोलीतल्या कुंड्या दुसरीकडे हलवा, घरात वाद कशाला.

प्रश्न : मी होस्टेलवर राहते. खोलीत एकच खिडकी, कुंडी ठेवायला परवानगी नाही. तरी काही हिरवं खाता येईल का?

उत्तर : येईल बेटा, आणि तुझ्याच ताटात आधी येईल. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली चार भोकं पाड, दोन इंच कोकोपीट भर आणि मोहरी किंवा रात्रभर भिजवलेली मेथी पसर. ही भाजी कोवळीच कापायची असल्यानं इथे दाणे दाट टाकले तरी चालतात. दोन-तीन दिवस झाकून ठेव, मग खिडकीत. मोहरी आठ-दहा दिवसांत, मेथी दहा-बारा दिवसांत कात्रीनं कापायला येते. मेसच्या पोह्यांवर, उपम्यावर घाल, वरणभातावरही छान लागते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून डब्यात खोच, दोन-तीन आठवड्यांत पात मिळते.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. बियाणं किराणा दुकानातलं, खायचं घे. शेतीसाठी विकतात त्या पाकिटातलं गुलाबी-निळं रंग दिलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं; इतक्या कोवळ्या भाजीसाठी ते वापरायचं नाही. आणि राजमा असा उगवून कच्चा खाऊ नकोस, कच्च्या राजम्यानं उलट्या-जुलाब होतात.

प्रश्न : हे सगळं कधीपर्यंत चालेल? फेब्रुवारीत पेरलं तर? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : मेथी आणि सांबाराची शेवटची पेरणी जानेवारीअखेर करा. फेब्रुवारीच्या मध्यापासून आपल्याकडे दुपार तापायला लागते, दिवसही मोठा होतो आणि सांबार पानं सोडून फुलावर येतो. त्याचा तुरा कापून पुन्हा पानांची वाट पाहण्यात अर्थ नाही. फुलू द्या, हिरवे धने चटणीत घाला. त्या कुंडीतली माती दोन दिवस उन्हात वाळवा, मूठभर गांडूळखत घाला आणि चवळाई पेरा, ती उन्हाळ्यालाही दाद देत नाही. पुदिन्याची कुंडी मार्च लागताच दक्षिणेच्या खिडकीतून काढून पूर्वेला न्या. आणि ग्रीलची हिरवी जाळी धुवून हाताशी ठेवा, होळीनंतर ती परत बांधायची आहे.