पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या शिकाऊ हातांविषयी

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पदविकेच्या प्रात्यक्षिकाला रुजू होऊन आठवडा होत नाही तोच एका पशुपालकानं भरलेली सिरिंज तुझ्यापुढे धरून "मॅडम, तुम्हीच टोचा की" म्हटलं आणि तू मागे सरलीस. मागे सरलीस ते बरं केलंस. पण आम्हा विद्यार्थ्यांना नक्की काय काय करू देतात, याची यादी मागितली आहेस, तिथे मी थोडा अडतो. यादी सांगतो, पण ती पाठ करून भागणार नाही.

आधी कायदा बघ. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. त्याच्या कलम ३० प्रमाणे जनावरावर उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. त्याच कलमात एक वाट ठेवली आहे. पशुवैद्यकीय पर्यवेक्षक, स्टॉकमन अशी पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकारच्या आदेशानं, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सांगण्यानुसार, किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग ही उदाहरणं कायद्यातच आहेत. आणखी काय ते राज्यानं राजपत्रात जाहीर करायचं. आता नीट वाच: ही सवलत पदविका मिळालेल्यांना आहे. तुला ती मिळायची आहे. म्हणजे दवाखान्यात तू जे करशील ते डॉक्टरांच्या नावावर जमा होणार, चांगलं असो की वाईट. म्हणूनच त्यांनी तोंडानं "कर" म्हटल्याशिवाय काही करू नकोस. नुसतं समोर उभं राहून बघत होते, याला परवानगी समजू नकोस.

पण कायदा काम कुठलं ते सांगतो, शिकाऊ हातात ते कधी द्यायचं ते सांगत नाही. खच्चीकरण कायद्याच्या लेखी किरकोळ. बाटलीनं औषध पाजणं तर घरोघरी बायामाणसं करतात, त्यात कसली आलीय परवानगी, असंच सगळे धरून चालतात. आणि माझं मत विचारशील तर नवख्या हातून जनावरं जातात ती खच्चीकरणाच्या बर्डिझो चिमट्यानं नाही, बाटलीनं. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांसाठी दोन प्रश्न ठेवले होते. हे काम चुकलं तर परत फिरता येतं का? आणि चुकलं हे तिथल्या तिथे कळतं का? दोन्हीला "हो" असेल तर पहिल्या दिवसापासून करा. दोन्हीला "नाही" असेल तर काम कितीही साधं दिसो, डॉक्टर शेजारी असल्याशिवाय हात लावायचा नाही.

ताप घेणं हे पहिल्या प्रकारातलं. चुकलं तर पुन्हा घे. तरी त्यात किती चुका होतात बघ. थर्मामीटर शेणाच्या गोळ्यात खुपसला की आकडा शेणाचा येतो. तो आतल्या भिंतीला टेकला पाहिजे आणि पुरती दोन मिनिटं थांबलं पाहिजे. मागच्या टोकाला दोरा आणि चिमटा लावून तो शेपटीच्या केसांना अडकव, नाहीतर गाय एकदा शेण टाकते आणि काच जमिनीवर. निरोगी गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. उन्हात चालवत आणलेल्या म्हशीचा आकडा लगेच खरा मानू नकोस, सावलीत उभी करून पाणी दाखवून पुन्हा घे. मग डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून ठेव. कोटीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, हललं की मूठ वर उचलल्यासारखी वाटते. निरोगी गायीत दोन मिनिटांत दोन-तीन वेळा तरी हे झालंच पाहिजे. रोज दहा जनावरांच्या भकाळीत मूठ ठेवलीस तर महिन्याभरात अकरावं जनावर तुला आपणहून सांगेल. हे कुणी शिकवत नाही, कारण शिकवण्यासारखं वाटत नाही.

जनावर धरणं, खोड्यात घेणं, मोरकी बांधणं, पशुपालकाला माहिती विचारणं, केसपेपर लिहिणं, जखम धुऊन अळ्या काढणं आणि पट्टी करणं, शेण-रक्त-दुधाचे नमुने घेऊन चिठ्ठी चिकटवणं, हत्यारं उकळणं हे सगळं तुझं. हलकं समजू नकोस. व्यायली कधी, आधी कुणी काय टोचलं, दूध कधीपासून घटलं, एवढं तू नीट विचारून लिहिलंस तर डॉक्टरांचं अर्धं निदान कागदावर असतं. "आधी कुणी काय टोचलं" हा प्रश्न दोनदा विचार, पहिल्यांदा खरं उत्तर येत नाही.

लसीकरणात तुमचे हात लागतातच. लाळ्या-खुरकूत असो, पावसाळ्याआधीचे घटसर्प-फऱ्या असोत, एका दिवसात अख्खं गाव उरकायचं असतं. २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली तेव्हा शिकणाऱ्या मुलांचा आधार किती मोठा होता ते आम्ही बघितलं आहे. तेव्हा टोच, पण डॉक्टर त्याच गावात हवेत, तालुक्याला नकोत. क्वचित एखादं जनावर लशीनंतर काही मिनिटांत थरथरून खाली बसतं, तेव्हा जवळ अॅड्रेनॅलिन आणि ते द्यायचं ठरवणारा माणूस लागतो. लस २ ते ८ अंशांत ठेवायची हे सगळ्यांना पाठ असतं. पण दुपारी बर्फ वितळून पेटीत कोमट पाणी झालेलं असतं आणि कुणी झाकण उघडून बघत नाही. ती पेटी तू बघ. प्रत्येक जनावराला नवी सुई. संपत आल्या म्हणून कुणी एकीवर पाच जनावरं करू लागलं तर तिथेच थांबायचं.

एक लस मात्र सोड. ब्रुसेलाची, म्हणजे गायी गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या आजाराची. ती ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच देतात आणि ती जिवंत जंतूंची असते. कालवड उसळली, सुई तुझ्या बोटात गेली, तर आजार तुला. हातमोजे, चष्मा आणि अनुभवी धरणारा नसेल तर "मी करणार नाही" म्हण. हाच नियम अडकलेल्या वारीला आणि गाभडलेल्या गायीला. उघड्या हातानं वार ओढणारे बहाद्दर तुला भेटतील; त्यांना सांधेदुखी आणि अधूनमधून ताप का येतो, हेही विचारून बघ.

आता बाटली. जनावराचं तोंड वर ताणून, जीभ बाहेर ओढून, घशात बाटली रिकामी करायची, ही सगळीकडची पद्धत. मान ताणली आणि जीभ कुणाच्या मुठीत असली की गिळता येत नाही. औषध श्वासनलिकेत जातं. गाय एकदा खोकते, पशुपालक म्हणतो "गेलं पोटात", आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया दिसतो. फुगलेल्या पोटासाठी पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर मग फार काही हाती राहत नाही. चूक परत फिरत नाही आणि तिथे दिसतही नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांना "नाही". म्हणून पाजणं डॉक्टरांसमोर शिक. नाकपुडी डोळ्याच्या रेषेपेक्षा वर जाऊ द्यायची नाही, जीभ मोकळी, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, खोकलं की मान लगेच खाली सोडायची. आणि जमिनीला खिळलेल्या, मान कुशीत टाकून पडलेल्या गायीला कुणाच्याही सांगण्यावरून तोंडानं काही पाजू नकोस, गुळाचं पाणीसुद्धा नाही. तिची गिळायची ताकदच गेलेली असते.

अशी गाय बहुधा नुकती व्यायलेली, दुग्धज्वराची, म्हणजे अंगातलं कॅल्शियम घटलेली असते. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम लावतात आणि बाटली तुझ्या हातात देतात. शिपायाचं काम दिलं असं वाटेल. पण कॅल्शियम किती वेगानं आत जाणार हे तुझा हात किती उंच आहे यावर ठरतं. हात दुखला म्हणून खाली-वर केलास, किंवा लवकर आटपावं म्हणून उंच धरलीस, तर वेग वाढतो, हृदयाचे ठोके चुकू लागतात आणि गाय डोळ्यांदेखत जाऊ शकते. बाटली अंगाच्या तापमानाइतकी कोमट, धार सावकाश, आणि दुसऱ्या कुणीतरी स्टेथोस्कोप हृदयावर ठेवलेला. ठोके अडखळले की आधी हात खाली, मग बोलायचं. शीर तू शोधू शकतेस, डॉक्टर शेजारी असतील तर सुईही लावू शकतेस. पण ही गाय दुग्धज्वराचीच आहे हे तू ठरवायचं नाही. सडलेल्या कासेच्या विषबाधेनं पडलेली गायही लांबून तशीच दिसते, आणि तिच्या शिरेत कॅल्शियम घाईनं सोडलं तर तिचा जीव जाऊ शकतो.

कृत्रिम रेतनाची तुम्हाला सगळ्यांनाच घाई असते. रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, मग गन, म्हणजे रेतन करायची नळी, भरायची, हा भाग चार दिवसांत जमतो. हात बसायला मात्र वेळ लागतो. आधी कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशींच्या गर्भाशयांवर सराव कर. जिवंत गायीत पहिल्यांदा नुसती गर्भाशयाची मान शोध, गन हातात घेऊ नकोस. गाभण गायसुद्धा कधीकधी माज दाखवते. अशा गायीत गन मानेपलीकडे गेली की गाभ गेला, आणि तो तू घालवलास हे पशुपालकाला कळायला आठवडे जातात. म्हणून मागच्या रेतनाची तारीख विचारल्याशिवाय आणि डॉक्टरांनी आधी हात घालून बघितल्याशिवाय गन पुढे करायची नाही. गाभण तपासणीला तर एका गायीमागे एकच विद्यार्थी. एका शिबिरात सात-आठ मुलांना एकाच गायीत आळीपाळीनं हात घालायला लावलेलं मी बघितलं आहे. शेवटच्याच्या मोज्याला रक्त होतं आणि तोही पुढच्याला बोलावत होता.

सडात औषधाची ट्यूब सोडणं, बर्डिझो लावणं हे डॉक्टरांसमोर करून शिकायचं. ट्यूबआधी सडाचं टोक स्पिरिटनं घासलं नाहीस तर दगडी, म्हणजे कासेची सूज, बरी करायला जाऊन आणखी जंतू आत सोडशील. बर्डिझोत नस प्रत्यक्ष जबड्यात आली की निसटली हे बोटानं बघायचं, दोन्ही बाजूंच्या खुणा एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. आणि खोंड तोच ना, हे कानातल्या बिल्ल्यावरून आणि मालकाच्या तोंडून पक्कं करायचं. हसू नकोस.

भूल देणं, चिरफाड, अडलेल्या गायीचं वासरू कापून काढणं, दयामरण, औषध ठरवणं हे तुझं नाही, पदविका मिळाल्यावरही नाही. औषधाचं एक उदाहरण सांगतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मेली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झाली. दुकानदार माणसांचं इंजेक्शन पुढे करील, "तेच आहे" म्हणेल. विमा, आरोग्य, मृत्यू कुठल्याही दाखल्यावर तुझी सही नको, साक्षीदार म्हणूनही नको. अचानक मेलेल्या आणि नाका-गुदातून काळसर रक्त आलेल्या जनावराला कुणी शवविच्छेदन दाखवतो म्हणालं तरी चाकू लावू द्यायचा नाही. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असला तर उघडलेल्या शवातून तो जमिनीत बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

तू विचारशील, परदेशात कसं असतं. ब्रिटनमध्ये १९६६ च्या पशुवैद्यक कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांना काही उपचार आणि किरकोळ शस्त्रक्रियाही करता येतात, मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी देखरेख करणारा माणूस तिथे स्वतः, पूर्ण वेळ, समोर हवा. नुसत्या केअर असिस्टंटला ती मुभा नाही. आपल्याकडे श्रेणी दोनच्या दवाखान्यांत पर्यवेक्षकच सगळं ओढतात आणि डॉक्टरांची देखरेख बऱ्याचदा फोनवर असते. वीस वर्षं हात बसलेल्या माणसाला फोन पुरतो. तुला नाही. "फोनवर विचारून घे आणि कर" असं कुणी सांगितलं तर माझ्या दोन प्रश्नांतून ते काम काढ आणि मग ठरव.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गावात तुला "डॉक्टर" म्हणू लागतील. प्रत्येक वेळी दुरुस्त कर: मी शिकतेय, डॉक्टर आत आहेत. एक-दोन जण नाराज होतील, "मग हात कशाला लावतेस" म्हणतील. त्यांचा तो हक्क आहे. जनावर त्यांचं आहे. आणि रात्री फोन येतीलच. तेव्हा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन लावायला सांग, डॉक्टरांना कळव, आणि गाय पडली असेल तर तिला छातीवर सरळ बसवून दोन्ही बाजूंना कडब्याची पोती लावायला सांग. पोट फुगलं असेल तर पुढचे पाय उंचवट्यावर. एवढं फोनवरून करता येतं, सिरिंज लागत नाही.

शेवटचं काम सोमवारच्या आत कर. रेबीजची लस घेतलीस का? गाय लाळ गाळतेय, घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालणं हे दवाखान्यात रोजचं आहे, आणि त्यातली एखादी पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेली असते. सरकारी रुग्णालयात जाऊन चावण्याआधीच्या डोसांविषयी विचार, तारखा केसपेपरवर लिहून घे आणि त्याची एक प्रत तुझ्या डॉक्टरांकडे दे. ती देईपर्यंत कुठल्याही जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, आणि दिल्यावरही हातमोजा घालूनच.

तुझा,
निवृत्त पशुधन विकास अधिकारी